हॉस्पिस

हॉस्पिस ही आजार बरा होण्याची शक्यता न उरलेल्या रुग्णांच्या वेदना व इतर त्रास कमी करून त्यांची शुश्रूषा करणारी संस्था होय. येथील उपचारांना उपशामक उपचार म्हणतात.

इतिहास

आधुनिक हॉस्पिस चळवळीचा आरंभ सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडन येथे सुरू केलेल्या सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिसपासून मानला जातो. शरीराच्या वेदनेसोबत मानसिक, सामाजिक व आध्यात्मिक दुःखाचाही विचार करणारी ‘समग्र वेदना’ ही संकल्पना त्यांनी मांडली. भारतातील पहिले हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईतील वांद्रे येथे सुरू झाले. त्याची शाखा गोव्यातही आहे.

रुग्णालयातून स्थलांतर

स्थलांतराचा निर्णय शक्यतो रुग्णाशी बोलून, त्याच्या इच्छेनुसार घेतला जातो. डिस्चार्ज कार्डासोबत चालू औषधांच्या मात्रा व वेळा, बसविलेल्या नळ्या आणि शय्याव्रण यांची माहिती हॉस्पिसला देणे आवश्यक असते. नियमित चालू असलेले मॉर्फीन अचानक थांबल्यास वेदना उफाळून येतात. त्यामुळे प्रवासात त्याची मात्रा चुकणार नाही याची दक्षता घेतली जाते. मॉर्फीनची उपलब्धता सुलभ व्हावी यासाठी भारतातील अमली पदार्थविषयक कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाली.

गैरसमज

रुग्णाला हॉस्पिसमध्ये नेणे म्हणजे त्याला टाकून देणे, अशी अपराधी भावना अनेक कुटुंबांत आढळते. प्रत्यक्षात तेथे उपचार थांबत नाहीत, त्यांचे उद्दिष्ट बदलते. शुश्रूषेचा भार हलका झाल्याने नातेवाइकांना रुग्णाच्या सहवासासाठी अधिक वेळ मिळू शकतो.