पानातले रक्त

गरोदर बाई पांढरीफटक पडली, तर ‘असे व्हायचेच’ म्हणून आपण कामाला लागतो. या पांढरेपणाचा माग काढायला १९२८ साली लूसी विल्स नावाच्या एक इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईला आल्या.

त्या काळी मुंबईत गिरणीकामगार बायकांना गरोदरपणी एक विचित्र रक्तक्षय होई. तांबड्या पेशी कमी होत, आणि उरलेल्या आकाराने नको तितक्या मोठ्या होत. कित्येकींचा त्यात अंत होई. एखादा जंतू असेल, ही शंका होतीच. पण बाईंनी या बायकांच्या ताटात काय पडते तेही पाहिले. फळे नाहीत, भाजीपाला नाही, डाळ-दुधाची वानवा.

मग प्राणी घेतले. तसलेच निकस अन्न दिल्यावर माकडांचे रक्त खालावले. एका माकडाला मार्माइट चारले, आणि ते सुधारले! मार्माइट म्हणजे बिअर गाळल्यावर उरणाऱ्या यीस्टचा काळा, खारट अर्क. चव म्हणाल तर आपल्याला रुचेल असे नाही. इंग्रज लोक मात्र पावाला लावून खातात. तोच या बायकांना दिला, आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या. यकृताचा अर्कही गुणकारी होता, पण तो महाग. गिरणीतल्या बाईला कुठला परवडायला? ही हकिकत १९३१ साली छापून आली. औषध हाती आले, पण त्यातले गुणकारी द्रव्य कोणते, ते बाईंनाही उलगडले नव्हते.

ते हाती लागले अमेरिकेत, १९४१ साली, सुमारे चार टन पालकातून. लॅटिनमध्ये पानाला फोलियम म्हणतात, म्हणून नाव पडले फोलिक आम्ल. ‘ब’ गटातले हे जीवनसत्त्व. नव्या पेशी घडवायला ते लागते, आणि पोटातल्या गर्भाला तर फारच. दिवस राहण्याआधीपासून ते घेतले, तर बाळाच्या मणक्याचे जन्मजात व्यंग पुष्कळ टळते, हे १९९१ साली सिद्ध झाले.

आता तुमच्या चुलीपाशी या. पालक, चवळी, हरभरा, मूग यांत हे द्रव्य आहे. पण ते पाण्यात उतरते आणि फार शिजवल्याने नासते. आपण मात्र पालेभाजी रटरटा उकडतो, पिळतो आणि हिरवे पाणी मोरीत ओततो. तेच पाणी आमटीत घाला की! मात्र गरोदरपणी पालेभाजीवर भागत नाही. बहुतेक रक्तक्षय लोहाच्या उणिवेने होतो, म्हणून सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला मिळते त्या लाल गोळीत लोह आणि फोलिक आम्ल दोन्ही घातलेले असते.