'क्लास' म्हणजे नेमका कोणता वर्ग?

"आरक्षण जातीवर नको, क्लासवर द्या." कॉलेजच्या कट्ट्यापासून ऑफिसच्या कँटीनपर्यंत आपल्या पोरांना हे ऐकावे लागते. बोलणाऱ्याच्या मनात क्लास म्हणजे खिशातला पैसा. आम्ही उलट विचारतो, कोणता क्लास? शिकवणीचा, रेल्वेच्या डब्याचा, की सरकारी नोकरीतला 'क्लास फोर'?

शब्दाचे मूळ लॅटिन 'क्लासिस'. जुन्या रोममध्ये मालमत्तेवरून नागरिकांचे गट पाडत आणि सैन्यात कोणी काय घेऊन यायचे ते त्यावरून ठरे. म्हणजे पैशाचा अर्थ जुनाच आहे. पण इंग्रजांच्या भारतातल्या कागदांत याच शब्दाने वेगळे काम केले. 'डिप्रेस्ड क्लासेस' म्हणजे गरीब लोक नव्हेत, अस्पृश्य. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखल्या, तेव्हा ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वगळून बाकी सगळे मागास, अशी व्याख्या केली. उत्पन्नाचा दाखला कुणाकडे मागितला नव्हता.

९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या बाबासाहेबांनी या गोंधळाच्या मुळालाच हात घातला. जात म्हणजे दार लावून घेतलेला वर्ग, असे त्यांनी मांडले. दाराची कडी कोणती? गटाबाहेर लग्न न करणे. वर्गातून माणूस वर-खाली जाऊ शकतो. जातीत जन्मलेला पगार वाढला म्हणून बाहेर पडत नाही. आम्हाला समाजशास्त्राच्या वर्गात (हाही एक क्लासच!) वेबर आणि मार्क्स पानोपानी शिकवले, हा निबंध मात्र आम्ही आमच्या वस्तीतल्या वाचनालयात वाचला.

मुंबईच्या गिरण्यांत तर हा वाद रोजच्या कामात होता. कामगार 'एक वर्ग', असे लाल बावट्याचे पुढारी म्हणत. पण विणकाम खात्यात, जिथे मजुरी जास्त, तिथे अस्पृश्यांना मज्जाव होता. धागा तोंडाने ओढावा लागतो, मग विटाळ होतो, हे कारण. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी ही बंदी उठवण्याची मागणी लावून धरली. एका वर्गातल्या दोन माणसांत थुंकीचे अंतर होते, आणि ते कापणाऱ्यालाच 'फूट पाडणारा' म्हटले गेले.

संविधानातही शब्द मोजून आलेत. अनुच्छेद १६(४) मध्ये 'मागास वर्ग', ३४१ मध्ये मात्र सरळ 'जाती'. अनुसूचित जातींच्या बाबतीत 'क्लास बघा' म्हणणाऱ्याने आधी ३४१ वाचावे. मागास वर्गाबाबत १९६२ च्या बालाजी खटल्यात न्यायालयाने सांगितले, जात ही एकमेव कसोटी नको. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालात नऊ न्यायाधीशांच्या पीठातल्या बहुमताने मान्य केले, जात हाही एक सामाजिक वर्ग असू शकतो. त्याच निकालात केवळ आर्थिक निकषावरचे १० टक्के रद्द झाले.

ते १० टक्के २०१९ मध्ये १०३ व्या घटनादुरुस्तीने परत आले. यावेळी इंग्रजी मसुद्यात 'क्लास' नव्हे, 'सेक्शन' हा शब्द आहे. आणि पुढे अट आहे: आधीच आरक्षण असलेले वर्ग सोडून. म्हणजे पैशावरून मोजायची वेळ आली, तेव्हा आमचा भूमिहीन शेतमजूर त्या मोजणीतच नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी ही दुरुस्ती वैध ठरवली. विरोधातल्या दोघांचा मुख्य आक्षेप याच वगळण्यावर होता.