मधला तुकडा कोणाचा?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दारापुढे रांगोळी काढणारी मुलगी दोन वर्तुळे एकमेकांत अडकवते. आता तिच्यापुढे तीन जागा होतात : डावी, उजवी आणि मधली, डोळ्याच्या आकाराची. मधल्या जागेत ती पिवळा रंग भरते. ही जागा कोणत्या वर्तुळाची, हा प्रश्न तिला पडत नाही. संगणकाला मात्र तो पडला आणि सुटायला बरीच वर्षे लागली.

१९६३ साली अमेरिकेत एमआयटी या संस्थेत आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ तयार केले. प्रकाशलेखणी पडद्यावर टेकवायची आणि रेघ ओढायची. रेघा होत्या, रंग नव्हते. पुढे या कलेला दोन वाटा फुटल्या.

एक वाट ठिपक्यांची. १९७३ मध्ये रिचर्ड शूप यांचे ‘सुपरपेंट’ आले, १९८४ मध्ये बिल ॲटकिन्सन यांचे ‘मॅकपेंट’. मॅकपेंटमध्ये रंगाची बादली होती. खरे तर ती काळ्या-पांढऱ्या नक्ष्या भरायची. बादली ओतली की भरण एका ठिपक्यावरून शेजारच्या ठिपक्यावर पसरत जाते आणि रेघ आडवी आली की थांबते. एका ठिपक्याची फट राहिली, तर सगळे बाहेर सांडते. पण मधला तुकडा या बादलीला बरोबर कळतो, कारण ती मालकी विचारत नाही. अडचण एवढीच, की असे चित्र मोठे केले की कडा दातेरी दिसतात.

दुसरी वाट गणिताची. रेनो या मोटार कंपनीतले पिएर बेझिये यांनी १९६०च्या दशकात वळणदार रेघांचे गणित वापरात आणले. त्याच रेघांवर ॲडोबीचे ‘इलस्ट्रेटर’ १९८७ मध्ये उभे राहिले. चित्र घराएवढे करा, कड गुळगुळीतच. मात्र इथे प्रत्येक वर्तुळ म्हणजे कापलेला रंगीत कागद. एकावर दुसरा ठेवलेला. मधला तुकडा डोळ्यांना दिसे, पण संगणकाच्या दप्तरी त्याची नोंदच नसे. रंग भरायचा तर चित्रकाराने तेवढाच तिसरा कागद कापून वर चिकटवायचा.

१९८९ मध्ये पॅट्रिक बोदलेर आणि मिशेल गाँने या संशोधकांनी वेगळा विचार मांडला. वर कोण, खाली कोण हे विसरा. रेघा जिथे छेदतात तिथे खूण करा आणि बंदिस्त झालेल्या प्रत्येक जागेची नोंद ठेवा. गावच्या नकाशात प्रत्येक गटाला नंबर असतो, तसेच हे.

१९९६ मध्ये आलेले ‘फ्यूचरस्प्लॅश’ पुढे ‘फ्लॅश’ या नावाने घरोघरी पोहोचले. त्यात आकारावरून रेघ ओढली की त्याचे दोन तुकडे होत आणि प्रत्येकात वेगळा रंग भरता येई. पण त्यासाठी मूळ आकार मोडावा लागे. फ्लॅशचा कारभार २०२०च्या अखेरीस थांबला. २००५ मध्ये इलस्ट्रेटरच्या नव्या आवृत्तीत ‘लाइव्ह पेंट’ ही सोय आली, तिने ही मोडतोड टाळली. दोन्ही वर्तुळे अखंड राहतात आणि मधल्या जागेला तिचा स्वतःचा रंग मिळतो. वर्तुळ सरकवले, तर रंगही नव्या हद्दीप्रमाणे सरकतो. बारीक फटी तर चित्रकाराने सांगितल्यास संगणक बुजलेल्याच धरतो.

माझ्यासारख्या, मुसलमान घरात जन्मून मराठीत कविता लिहिणाऱ्या माणसाला हा इतिहास ओळखीचा वाटतो. तुम्ही नक्की कुठले, असे मला अनेकदा विचारले गेले आहे. विचारणाऱ्याच्या मनात दोन कागद असतात, एकावर एक ठेवलेले. घरातली नमाज आणि ओठांवरची ओवी यांपैकी एक कापून काढल्याशिवाय माझी जागा त्यांना दिसत नाही. माझे म्हणणे एवढेच, की वर्तुळे दोन्ही राहू द्या. मधल्या जागेत रंग भरायचे काम मी इतकी वर्षे करतोच आहे.