पालमहून बंगालच्या उपसागरात

18 मे 1974, शनिवार. तुम्ही परभणी जिल्ह्यातल्या पालममध्ये आहात. रस्त्याकडेला खडी तापली आहे. ही खडी गेल्याच उन्हाळ्यात दुष्काळी कामावर बायाबापड्यांनी फोडली. पोटाला सुकडी आणि रेशनवरचा लाल मिलो होता. हॉटेलातल्या रेडिओभोवती आज गर्दी आहे. सकाळी 8 वाजून 5 मिनिटांनी भारताने जमिनीखाली अणुस्फोट केला, शांततेच्या कामासाठी केला, असं बातम्यांत सांगतात. कोपऱ्यातले एक आजोबा चहाची बशी खाली ठेवून विचारतात, "मग आमच्या विहिरीला एखादा सुरुंग देतील का?" सगळे हसतात. आजोबा हसत नाहीत.

या स्फोटाची तयारी झाली कुठे, ते बघायला तुम्हाला मुंबई गाठायची आहे. पण 8 मेपासून रेल्वेचा संप चालू आहे, गंगाखेडच्या गाडीचा भरवसा नाही. तेव्हा वेळेतूनच चार महिने मागे जाऊ.

जानेवारी 1974, ट्रॉम्बे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधे सायरस अणुभट्टीचा घुमट. 1960पासून इथे युरेनियम जळतं. वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळं काढायचा कारखानाही याच आवारात आहे. तुम्ही काचेच्या बंद पेटीपुढे उभे राहता. पेटीच्या भिंतीतच जाड रबरी हातमोजे बसवलेले आहेत. त्यांत हात घालूनच आतलं काम करायचं. आतला हवेचा दाब मुद्दाम कमी ठेवला आहे. कुठे फट पडलीच तर हवा आत जाईल, विषारी कण बाहेर येणार नाही.

आता पोलोनियमकडे बघा. स्फोटाच्या नेमक्या क्षणी न्यूट्रॉन सोडणारी कळ याच्या जिवावर चालते आणि पोलोनियम दर 138 दिवसांनी निम्मं होतं. आज तयार केलेल्या कळीत दिवाळीला पाव हिस्साही उरणार नाही. म्हणजे अस्त्र एकदा घडवलं, कोठारात ठेवलं, कुलूप घातलं आणि सुटलो, असं होत नाही. ते पडल्या पडल्या म्हातारं होतं. तपासणी, बदली, पुन्हा तपासणी हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालू ठेवावं लागतं आणि त्यासाठी जाणती माणसंही घडवत राहावं लागतं.

चोवीस वर्षं पुढे या. 1974चा स्फोट झाला होता त्याच पोखरणला 1998च्या मे महिन्यात पुन्हा चाचण्या झाल्या. 4 जानेवारी 2003 रोजी सरकारने धोरण जाहीर केलं: अण्वस्त्र आपण आधी वापरणार नाही. पण असं म्हणणाऱ्याला पहिला घाव सोसूनही उत्तर देता आलं पाहिजे. जमिनीवरचे तळ उपग्रहाला दिसतात, विमानतळ नकाशावर असतात. लपायला उरतो समुद्र. पण डिझेलच्या पाणबुडीला बॅटऱ्या भरण्यासाठी हवा घ्यायला वर यावं लागतं आणि तिथेच ती सापडते. अणुभट्टीला हवा लागत नाही.

म्हणून तुम्ही आता कल्पाक्कमला आहात, साल तेच, 2003. समुद्रकाठी, पण जमिनीवरच, पाणबुडीच्या पोटाचा एक तुकडा उभा केला आहे आणि आत भाभा अणुसंशोधन केंद्राच्या लोकांनी बांधलेली भट्टी चालू झाली आहे. वीजकेंद्रातली भट्टी एका चालीने चालली तरी भागतं. हिला ऐनवेळी वेग वाढवायचा, झटकन कमी करायचा, हेलकावे खायचे आणि हे सगळं जेमतेम जागेत. पाणबुडीवर जाणारे नौसैनिक आधी इथेच शिकतात. भट्टीच्या वाफेवर टर्बाइन भरधाव फिरतं, पाणबुडी ढकलणारा पंखा मात्र सावकाश फिरायला हवा, नाहीतर आवाजाने पत्ता लागतो. त्या दोघांच्या मधलं काम गिअरबॉक्सचं. पुढे 'अरिहंत' या अणुपाणबुडीला तो इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरने दिला. आपल्या भागातले शेतकरी या गावाला साखर कारखान्यांच्या यंत्रांमुळे ओळखतात.

26 जुलै 2009 रोजी विशाखापट्टणमला 'अरिहंत' पाण्यात उतरते. तिची भट्टी मात्र 10 ऑगस्ट 2013 रोजी सुरू होते. मधली चार वर्षं बातमी होण्याजोगी नव्हती. पाइप, झडपा, पंप एकेक करून तपासण्यात ती गेली.

2018. तुम्ही तिच्या आत आहात. दिवसरात्र घड्याळावरूनच कळतात. प्यायचं पाणी समुद्राचंच, शुद्ध केलेलं. भट्टी वर्षानुवर्षं चालेल. परत फिरावं लागतं ते शिधा संपतो आणि माणसं थकतात म्हणून. कुणाचा फोन नाही, घरच्यांना ठावठिकाणा नाही. 5 नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, पंतप्रधान जाहीर करतात की 'अरिहंत'ची पहिली गस्त पूर्ण झाली. त्या गस्तीत काहीही घडलं नाही. कामगिरी फत्ते झाली ती त्यामुळेच.

पण परतलेली पाणबुडी गोदीत जाते, दुरुस्तीला लागते. एकीच्या भरवशावर समुद्र राखता येत नाही. 29 ऑगस्ट 2024 रोजी 'अरिघात' नौदलात आली ती याच गरजेपोटी. म्हणून पुढच्या वेळी पाणबुड्यांची नुसती संख्या ऐकून छाती फुगवू नका. आज त्यातल्या समुद्रात किती आहेत, हे विचारा. उत्तर मिळणार नाही आणि ते मिळूही नये. ते बाहेर कुणालाच ठाऊक नसतं, तोवरच ही पाणबुडी आपलं काम करत असते.