मारेगावच्या शिवारातला शरद

मंडळी, आश्विन लागला की मारेगावच्या काळ्या रानात पायाला चिखल लागायचा थांबतो आणि दव लागू लागते. कपाशीची खालची बोंडे फुटतात, तूर फुलावर येते, आणि तारेवर नीळकंठ येऊन बसतो. बसलेला असला की मातकट, कुणी लक्षही देऊ नये; उडाला की पंखांतली निळाई एकदम उघडते. दसऱ्याला त्याचे दर्शन शुभ मानून आपण तो शोधत फिरतो. माझे म्हणणे एवढेच, की दुसऱ्या दिवशीही त्याच्याकडे पाहायला हरकत नाही!

इतिहास म्हटला की किल्ले आणि लढाया आठवतात. आज मी धुऱ्याचा इतिहास सांगणार आहे. या धुऱ्यावर उभे राहून आपल्या आजोबांना आश्विनात जे दिसत होते, त्यातले बरेच आज का दिसत नाही, हा माझा विषय.

भुलाबाईपासून सुरुवात करू. भाद्रपदी पौर्णिमेला भुलाबाई बसते आणि कोजागिरीला तिची बोळवण होते. तिच्यावर ज्वारीच्या धांड्यांचे मखर करायची आपल्याकडची रीत. पूर्वी पोरीबाळी घरच्याच वावरातून धांडे आणीत. आता, बरं का, धांडे कुठे मिळतील म्हणून विचारपूस करावी लागते.

ज्वारी गेली कशी? १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाडची काळी जमीन आठवली. आपला हा भाग त्या वेळी वणी जिल्ह्यात मोडत होता. १९०५ साली जिल्ह्याची फेररचना होऊन त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. कापसासाठी गवताची पडीक राने नांगराखाली गेली. तरी कापसाच्या जोडीला ज्वारी राहिली. दाणा माणसाला, कडबा बैलाला, आणि उरलेसुरले पाखराला, असा तो हिशेब होता. कणसे भरू लागली की भोरड्यांचे थवे उतरत. ही गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची पाखरे थेट मध्य आशियाकडून येतात. मचाणावर गोफण घेऊन पोरे दिवसभर हाऽऽ हाऽऽ करीत. भोरडी दाणा खाई हे खरे. पण टोळ आणि नाकतोडेही तीच फस्त करी, ही तिची दुसरी बाजू गोफणवाल्याला कोण सांगणार!

गेल्या शतकाच्या शेवटी सोयाबीन आले. पैसा लवकर देणारे पीक. ते घेणाऱ्याला मी नावे ठेवणार नाही. पण ते आश्विनातच निघते. दिवाळीपर्यंत जिथे पुरुषभर उंच ज्वारी उभी असे, तिथे दसऱ्यालाच वावर मोकळे पडते. मग रानडुक्कर आणि रोही कुठे वळणार? कपाशीत आणि तुरीत. जागली वाढली ती अशी.

दुसरी गोष्ट आभाळातली. शरदात आभाळ निवळले की गिधाडे उंचावर घिरट्या घालीत. मेलेले जनावर गावाबाहेर टाकले, की काही तासांत नुसता सांगाडा उरे. त्याचे कुणाला कौतुक नव्हते. घाणेरडा पक्षी म्हणून तोंड फिरवीत. १९९० नंतर ती भराभर नाहीशी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांत तर शंभरातली नव्याण्णव संपली. कुणी बंदुका झाडल्या नाहीत. जनावरांच्या दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफेनॅक नावाचे औषध मेलेल्या ढोराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाई आणि त्याची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. चांगल्या हेतूने आपल्या गोठ्यात आलेली बाटली आभाळ रिकामे करून गेली.

आता वाघ. १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली. पांढरकवड्याजवळ टिपेश्वरचे अभयारण्य १९९७ साली झाले. ते सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे आहे. तिथे वाघ वाढले आणि वयात आलेले वाघ बाहेर निघू लागले. त्यांतल्या एकाच्या गळ्यात वनखात्याने पट्टा बांधला होता. जून २०१९ मध्ये तो टिपेश्वरातून निघाला आणि सुमारे नऊ महिन्यांत तीन हजार किलोमीटर चालला. शेवटी बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात थांबला. त्या वर्षीचा सगळा शरद त्याने वाटेवर काढला. नाला, झुडपी जंगल, कपाशीचे वावर, अशीच ती वाट होती. म्हणजे आपला धुरा हा त्याचाही रस्ता आहे.

हे ऐकायला गोड वाटते. पण आदल्याच वर्षीचे विसरू नका. पांढरकवडा-राळेगावच्या पट्ट्यात तेरा माणसांच्या मृत्यूशी अवनी नावाच्या वाघिणीचे नाव जोडले गेले. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या जंगलात तिला गोळी घालण्यात आली. तिची दोन बछडी मागे राहिली. शहरांत निषेधाचे मोर्चे निघाले, इकडे लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. मला दोघांचेही खरे वाटते. मात्र कापूस वेचणारी बाई दिवसभर वाकलेली असते, आणि वाकलेल्या माणसाला मागचे दिसत नाही. म्हणून वेचणीला एकट्यादुकट्याने जाऊ नये, आणि दिवस मावळायच्या आत घर गाठावे. तसेच डुकरांसाठी तारेत वीज सोडू नये. त्या तारेने वाघही मेले आहेत आणि माणसेही.

गुरुजी, आता तुमच्यासाठी. ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. ५ नोव्हेंबर ही मारुती चितमपल्लींची जन्मतारीख आणि १२ नोव्हेंबर ही सलीम अलींची. त्या आठवड्यात भाषणे कमी करा. मुलांना घरी पाठवून आजीला विचारायला लावा, की भुलाबाईचे धांडे कुठल्या वावरातून येत, शेवटचे गिधाड कधी पाहिले, मचाण कुठल्या झाडाजवळ होते. उत्तरे एका वहीत उतरवून घ्या. आणि प्रार्थनेच्या वेळी पटांगणाच्या कडेला पाहा. शेपटी खालीवर हलवीत एक लहानसा पांढरा-काळा पक्षी लगबगीने धावत असेल. तो धोबी. उन्हाळा उत्तरेकडे हिमालयाच्या बाजूला काढून तो इकडे उतरला आहे. तो पहिल्यांदा दिसला ती तारीख त्याच वहीत लिहून ठेवा, आणि वही पुढच्या वर्षीच्या वर्गाला द्या.