सावकाश पडण्याची कसरत

भारतीय वाचकांच्या कानी ‘हॅमस्ट्रिंग’ हा शब्द पडला तो बहुधा क्रिकेटमुळे. २०२० च्या ऑक्टोबरात आयपीएल ऐन रंगात असताना रोहित शर्माला मांडीच्या मागच्या स्नायूची दुखापत झाली आणि पुढच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यातील एकदिवसीय व टी-ट्वेंटी मालिकांना तो मुकला. डिसेंबर २०२१ मध्ये, दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्याच्या तोंडावर, मुंबईतील सरावात हॅमस्ट्रिंगनेच पुन्हा घात केला आणि कसोटी मालिकाही हुकली. या दुखापतीच्या इतिहासात ‘पुन्हा’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. एकदा दुखावलेली हॅमस्ट्रिंग पुन्हा दुखावण्याचा धोका, कधीच न दुखावलेल्या हॅमस्ट्रिंगपेक्षा कितीतरी अधिक असतो. हे कोडे उलगडण्याचे श्रेय मात्र क्रिकेटपेक्षा फुटबॉलकडे अधिक जाते, आणि तेही उत्तर युरोपातील फुटबॉलकडे.

या कथेचा पहिला धागा मैदानात सापडत नाही, प्रयोगशाळेत सापडतो. १९०२ साली थिओडोर हफ या अमेरिकी शरीरक्रियातज्ज्ञाने एका साध्या अनुभवाकडे शास्त्रीय नजरेने पाहिले. सवय नसलेली कसरत केल्यावर स्नायू त्याच क्षणी दुखत नाहीत; ते दुसऱ्या दिवशी ठणकू लागतात. ही वेदना थकव्याची नसून स्नायूच्या आत झालेल्या सूक्ष्म इजेची असावी, असा तर्क त्याने मांडला. आखाड्यात उतरणाऱ्या प्रत्येक नवशिक्याला ठाऊक असलेली ही गोष्ट पुढे या कथेत मोठाच अडथळा होऊन उभी राहणार होती.

दुसरा धागा १९५२ सालच्या लंडनचा. ॲबट, बिगलँड आणि रिची या तीन संशोधकांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या. एकाने नेहमीप्रमाणे पायडल मारायचे आणि दुसऱ्याने ती उलटी फिरणारी पायडले पायांनी रोखत राहायचे. दोघांच्या पायांवरचा जोर सारखाच; पण पायडल मारणाऱ्याला लागणारा प्राणवायू रोखणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त. हे यंत्र रॉयल सोसायटीत लोकांपुढे मांडले गेले, तेव्हा रोखणाऱ्या जागी बसलेल्या एका तरुणीने फारसे न दमता पलीकडच्या तरुणाला घामाघूम केले. स्नायू आखडताना जेवढे बळ लावू शकतो, त्याहून अधिक बळ तो लांबत लांबत एखादी गोष्ट आवरताना लावू शकतो, आणि तेही थोड्या खर्चात. जिना चढण्यापेक्षा उतरणे सोपे वाटते ते यामुळेच. पण उतरण्याची किंमत दुसऱ्या दिवशी मोजावी लागते, हेही डोंगर उतरून आलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

आता धावणाऱ्या फुटबॉलपटूकडे पाहावे. वेगाने धावताना पाय पुढे फेकला जातो, नडगी पुढे झेपावते आणि टाच जमिनीला टेकण्याच्या किंचित आधी मांडीमागचा स्नायू जवळपास पूर्ण लांबलेला असतो. त्याच क्षणी त्याला त्या झेपावणाऱ्या नडगीला लगाम घालायचा असतो. धावतानाच्या बहुतेक हॅमस्ट्रिंग दुखापती स्नायू असा लांबलेला असतानाच घडतात, असा संशोधकांचा बळकट कयास आहे. म्हणजे हा स्नायू हरतो तो लगाम घालताना. तरीही कित्येक दशके त्याचा व्यायाम म्हणजे बहुधा यंत्रावर पालथे झोपून टाच नितंबाकडे ओढणे, अर्थात आखडण्याची तालीम. जो प्रश्न परीक्षेत येणारच नव्हता, त्याचीच घोकंपट्टी चालली होती असे म्हटले तर ते फारसे अन्यायाचे ठरणार नाही.

पुन्हा दुखापत का होते, याचेही उत्तर हळूहळू पुढे आले. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात ब्रॉकेट, मॉर्गन आणि प्रोस्के यांना असे आढळले की, आधी दुखावलेल्या हॅमस्ट्रिंगचे सर्वाधिक बळ स्नायू आखूड असतानाच्या स्थितीत एकवटलेले असते. म्हणजे लांबलेल्या स्थितीत, नेमक्या गरजेच्या क्षणी, तो स्नायू उणा पडतो. विश्रांतीने वेदना जाते, पण हे उणेपण जात नाही. खेळाडू बरा झाल्यासारखा वाटतो, मैदानात उतरतो आणि पहिल्याच जोरदार धावेत मांडी धरून खाली बसतो. याच गटाने २००१ मध्ये दाखवले की स्नायूला लांबत लांबत काम करायला लावले, तर त्याच्या बळाचा हा बिंदू अधिक लांबीकडे सरकतो.

स्वीडनमध्ये कार्ल आस्कलिंग आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये वरिष्ठ दर्जाच्या ३० फुटबॉलपटूंवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. खास चाकाच्या यंत्रावर लांबत्या स्नायूची तालीम केलेल्या १५ जणांपैकी ३ जणांना दुखापत झाली. न केलेल्या १५ जणांपैकी १० जणांना. आकडे बोलके होते, पण यंत्र प्रत्येक क्लबाला कोठून मिळणार? २००४ मध्ये नॉर्वेच्या संशोधकांनी यंत्रच काढून टाकले. खेळाडूने गुडघ्यांवर उभे राहायचे, सोबत्याने मागून घोटे घट्ट धरायचे आणि कंबरेत न वाकता, धड ताठ ठेवून, जमेल तितक्या सावकाश पुढे पडत जायचे. मांडीमागचे स्नायू तोल आवरत लांबत जातात, शेवटी हातांवर पडायचे आणि हातांनीच ढकलून पुन्हा वर यायचे. दहा आठवड्यांत या गटाचे आवरण्याचे बळ ११ टक्क्यांनी वाढले. यंत्रावर टाच ओढणाऱ्यांचे वाढलेच नाही. उत्तर युरोपातील अशा अभ्यासांमुळे या कसरतीला ‘नॉर्डिक’ हे नाव रूढ झाले.

खरी कसोटी डेन्मार्कमध्ये २००८ साली झाली. जेस्पर पीटरसन आणि सहकाऱ्यांनी ५० संघांतील ९४२ खेळाडू निवडले. काही संघांना ही कसरत, बाकीच्यांना नेहमीचाच सराव. हंगामाअखेर नेहमीचा सराव करणाऱ्यांत ५२ दुखापती, कसरत करणाऱ्यांत १५. पण सर्वांत मोठा फरक जुन्या जखमींमध्ये दिसला. पुनरावृत्तीचे प्रमाण शंभर खेळाडू-हंगामांमागे ४५.८ वरून ७.१ वर आले. एक नवी दुखापत टाळण्यासाठी २५ जणांनी कसरत करावी लागते. जुनी दुखापत उलटू नये म्हणून केवळ ३ जणांनी. एवढ्या स्वस्त उपायाला इतके ठसठशीत फळ क्रीडावैद्यकात क्वचितच मिळते. २०१५ मध्ये नेदरलँड्सच्या हौशी फुटबॉलपटूंवरील चाचणीतही दुखापती घटल्या, मात्र ज्या झाल्या त्यांची तीव्रता कमी झाली नाही, हेही नोंदवायला हवे. फिफाच्या ‘११+’ या सरावक्रमातही ही कसरत आहे.

एवढे झाल्यावर प्रश्न मिटायला हवा होता. घडले उलटेच. रोआल बार आणि सहकाऱ्यांनी चॅम्पियन्स लीगमधील ३२ आणि नॉर्वेच्या सर्वोच्च श्रेणीतील १८ क्लबांची पाहणी केली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तपासलेल्या १५० क्लब-हंगामांपैकी केवळ १६ हंगामांत ही कसरत ठरल्याप्रमाणे पूर्ण झाली होती. १२५ हंगामांत ती जवळजवळ झालीच नव्हती. यान एकस्ट्रांड यांच्या नेतृत्वाखाली २००१ पासून चाललेल्या युरोपीय क्लबांच्या नोंदींत तर हॅमस्ट्रिंगचा एकूण दुखापतींतील वाटा २१ हंगामांत १२ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर गेला. पुन्हा झालेल्या दुखापतींपैकी दोनतृतीयांशाहून अधिक, खेळाडू मैदानात परतल्यापासून दोन महिन्यांच्या आत झाल्या.

याचे एक कारण खेळाचा वाढलेला वेग आणि सामन्यांची दाटी. पण दुसरे कारण हफने १९०२ मध्येच पाहिले होते: दुसऱ्या दिवसाचा ठणका. बुधवारी आणि शनिवारी सामना असलेल्या संघाचा प्रशिक्षक मंगळवारी खेळाडूंच्या मांड्या दुखवायला धजत नाही. शिवाय न झालेल्या दुखापतीची टाळी कोणी वाजवत नाही. हरलेला सामना मात्र सर्वांना दिसतो. काही संशोधकांचा आक्षेपही रास्त आहे. गुडघ्यांवर सावकाश पडणे म्हणजे भरधाव धावणे नव्हे, म्हणून वेगवान धावेची सवयही सरावात राखावीच लागते.

ठणक्यावरचा उतारा कसरतीच्या आखणीतच होता, तो बहुतेकदा दुर्लक्षिला जातो. पहिल्या आठवड्यात एकच सत्र, ५-५ आवर्तनांचे दोन संच, म्हणजे अवघी १० आवर्तने. दुसऱ्या आठवड्यात दोन सत्रे, तिसऱ्यापासून तीन आणि पाचव्या आठवड्यापासून १२, १० व ८ अशी पूर्ण मात्रा. घाईने पहिल्याच दिवशी तीस वेळा पडणारा खेळाडू दुसऱ्या दिवशी जिना उतरू शकत नाही आणि कसरतीला कायमचा रामराम ठोकतो. दहा आठवडे पार केलेल्या डेन्मार्कच्या खेळाडूंना मात्र त्यानंतर आठवड्यातून एकदाच, एकूण ३० वेळा पडायचे होते. लागत होता तो केवळ घोटे धरणारा एक सोबती.