मोकळ्या वाद्यमेळाची कुळकथा

प्रवरा आणि म्हाळुंगी यांच्या संगमावर वसलेल्या संगमनेरातील वाचकास, ब्रिगाख आणि ब्रेग या दोन प्रवाहांच्या मीलनातून जेथे डॅन्यूब नदी होते त्या दक्षिण जर्मनीतील डोनाउएशिंगेन गावाचे नाव ठाऊक नसणे स्वाभाविक आहे. तथापि 1921 पासून नव्या संगीताचे उत्सव भरविणाऱ्या त्या लहानशा गावी ऑक्टोबर 1967 मध्ये 'ग्लोब युनिटी' या विशाल वाद्यवृंदाचे भर सभेत जे वादन झाले आणि ध्वनिमुद्रित करण्यात आले, त्याची कुळकथा आपल्या मुलखात अवश्य सांगावी अशी आहे, कारण तिच्या निकटच्या गोतावळ्यात एक मराठी तबलावादक उभा आहे.

हा वृंद जन्मास आला तो 1966 साली. बर्लिनच्या जॅझ महोत्सवासाठी एक रचना सिद्ध करण्याची कामगिरी तेथील नभोवाणी केंद्राने आलेक्झांडर फॉन श्लिप्पेनबाख या तरुण पियानोवादकावर सोपविली, तेव्हा त्याने एकेक वादक निवडून पलटण उभारण्याऐवजी, मानफ्रेड शोफचे पंचक आणि पेटर ब्रोत्समानचे त्रिकूट असे दोन मुरलेले संच, त्यांच्या सवयी आणि हट्टांसह, एकत्र आणले आणि भोवती आणखी वादकांची जोड देऊन चौदा जणांचा मेळ बांधला, ज्यात ड्रमवादकही दोन होते. या जोडणीस पूर्वाधार होता: अमेरिकेतील जॅझवादक ऑर्नेट कोलमनने 1960 मध्ये दोन चतुष्के एकाच वेळी वाजविली होती, आणि जॉन कोल्ट्रेनच्या 1965 मधील 'असेन्शन'मध्ये अकरा वादक एकवटले होते. परंतु श्लिप्पेनबाख हा बेर्न्ड आलोइस त्सिमरमान या आधुनिक संगीतकाराचा शिष्य असल्यामुळे, अमेरिकेकडून आलेल्या, आयत्या वेळी सुचेल ते वाजविण्याच्या त्या मोकळिकीस त्याने युरोपीय रचनाविचाराची चौकट दिली, आणि माझ्या मते या घराण्याचे खरे वेगळेपण तेथेच आहे.

असे वादन म्हणजे निव्वळ कोलाहल, हा आक्षेप प्रथमश्रवणी सुचतो खरा. पण तमाशा कलावंत कांताबाई सातारकरांचा फड ज्या संगमनेराने आपला मानला, त्याने तरी तो घेऊ नये. जुन्या तमाशातील वगास लिखित संहिता नसे. कथेचे सूत्र तेवढे सर्वांस ठाऊक असे, आणि सरदार व सोंगाड्या उभ्या उभ्या संवाद रचीत पुढे जात, तरी कोणी कोठे थांबावे, कोणी कोणाचा शब्द झेलावा याची जाण सहवासाने अंगी बाणलेली असल्यामुळे वग कोसळत नसे. श्लिप्पेनबाखने नवख्यांऐवजी सिद्ध संच का जोडले, याचे उत्तर मला या रीतीत सापडते.

डोनाउएशिंगेनचे वादन झाले त्याच महिन्यात, ऑक्टोबर 1967 मध्ये, ब्रिगाखच्याच काठी फिलिंगेन येथे, योआखिम-एर्न्स्ट बेरेन्ट या जॅझमीमांसकाच्या पुढाकाराने 'जॅझ मीट्स इंडिया' ही तबकडी मुद्रित झाली. मुंबईहून लंडनला स्थायिक झालेले केशव साठे तीत तबल्यावर होते, दिवाण मोतीहार सतारीवर आणि कुसुम ठाकूर तंबोऱ्यावर. पियानो इरेने श्वाइट्झर हिचा होता. कर्णा फुंकणारा शोफ आणि ड्रम वाजविणारा मानी नॉयमायर हे दोघेही आदल्या वर्षीच्या चौदांपैकीच, म्हणून ही तबकडी त्या कुळाची सख्खी शाखा समजण्यास मला संकोच वाटत नाही. जॉन मेयर व जो हॅरियट यांच्या 'इंडो-जॅझ स्वीट'मध्ये साठ्यांनी हा परदेशी मेळ पूर्वीच अजमावला होता. त्यांच्या या कामगिरीची नोंद आपल्या संगीतेतिहासात ठळकपणे झाली पाहिजे. तबकडीतील एका रचनेच्या नावात ब्रिगाख आणि गंगा शेजारी शेजारी आहेत.

ही तबकडी लवकरच श्रोत्यांच्या हाती पडली. डोनाउएशिंगेनच्या मोठ्या वृंदाची फीत मात्र दप्तरात पडून राहिली, आणि 1970 च्या बर्लिनमधील वादनासह ती प्रसिद्ध झाली 2001 मध्ये, तीही जर्मनीत नव्हे, शिकागोच्या एका प्रकाशनसंस्थेकडून.